जुना सेकंडहँड सर्व्हर सुरू होताना अडतो तेव्हा काय तपासावे आणि कुठे थांबावे

पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हरसंबंधीचे फोन मला बहुतेक शुक्रवारी सकाळी येतात. फोन करणारे कधी सदाशिव पेठेतले सीए असतात, कधी भोसरीतले छोटे कारखानदार, तर कधी कर्वेनगरच्या भाड्याच्या खोलीत शिकण्यासाठी सर्व्हर आणून ठेवलेला एखादा विद्यार्थी. यंत्र मात्र बहुधा एकाच पिढीतले निघते: डेलचे पॉवरएज आर 710, एचपीचे प्रोलायंट डीएल 380 जी 6 किंवा जी 7, नाहीतर त्याच काळातला एखादा टॉवर सर्व्हर. 2009-10 च्या सुमारास निघालेली ही यंत्रे मोठ्या कंपन्यांनी वॉरंटी संपल्यावर काढून टाकली आणि ती जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांमार्फत आपल्यापर्यंत पोहोचली. त्यांची बांधणी दणकट आहे. मदरबोर्ड खरोखर जळालेला मला क्वचितच सापडतो. तरीही ‘मदरबोर्ड गेला’ असे ऐकून नवा शोधत फिरणारी माणसे मात्र वारंवार भेटतात.

लक्षणे

आपले यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर अडते, हे आधी ठरवावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. बटण दाबूनही काहीच होत नसेल आणि मागच्या पॉवर सप्लायचा दिवाही लागत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. पंखे विमानासारखे घोंगावतात पण पडदा काळाच राहतो, तेव्हा संशय मॉनिटरची केबल, रॅम किंवा प्रोसेसर यांच्यावर घ्यावा. पडद्यावर मजकूर येऊन ‘एफ-वन दाबा म्हणजे पुढे जाईन, एफ-टू दाबा म्हणजे सेटअप (यंत्राची मूळ सेटिंग्ज बदलण्याचा पडदा) उघडीन’ अशा अर्थाच्या ओळीपाशी यंत्र थांबत असेल, तर बटणसेल, रॅम, पंखा किंवा पॉवर सप्लायची जोडी यांपैकी कशाची तरी तक्रार आहे, आणि ती त्या ओळीच्या वरच लिहिलेली असते. रेड कंट्रोलरचे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून सांभाळणाऱ्या कार्डाचे, नाव दिसल्यानंतर यंत्र अडले, तर प्रश्न डिस्कचा किंवा त्या कार्डावरील बॅटरीचा असतो. हे सगळे पार पडून शेवटी ‘नो बूट डिव्हाइस अव्हेलेबल’ आले, किंवा विंडोज सुरू होता होता निळा पडदा येऊन 7बी हा कोड दिसला, तर डिस्क धडधाकट असून केवळ सेटिंग बदललेले असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

एक लक्षण मात्र बिघाडाचे नसते. घरच्या संगणकाची सवय असलेल्या माणसाला सर्व्हर पहिल्यांदा सुरू करताना तो लटकला असेच वाटते. रॅमची मोजणी, प्रत्येक कार्डाची हजेरी आणि डिस्कची ओळखपरेड यांत दोन ते पाच मिनिटे सहज जातात. तेवढ्यात बटण दाबून तो बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तीन-चार वेळा असे झाल्यावर त्यांनी ‘सुरूच होत नाही’ अशी तक्रार केलेली आहे. म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे: घड्याळ लावून दहा मिनिटे थांबावे.

कळ दाबण्यापूर्वी

पडद्यावर जो काही मजकूर असेल त्याचा मोबाइलवर फोटो काढावा, आणि फोटो काढेपर्यंत कोणतीही कळ दाबू नये. एफ-वन दाबल्याने सहसा काही बिघडत नाही. परंतु रेड कंट्रोलर जेव्हा ‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचे सांगून सी किंवा एफ दाबायला सांगतो, तेव्हा घाईत घेतलेला निर्णय वर्षानुवर्षांची माहिती गिळू शकतो. या यंत्रांत बिघाडापेक्षा दाबलेल्या कळीने झालेले नुकसान मी अधिक पाहिले आहे.

पडदा काळा असला तरी यंत्र मुके नसते. आर 710 च्या पुढच्या पट्टीवर छोटा पडदा आहे. तो निळा असेल तर सर्व ठीक, पिवळसर नारिंगी असेल तर त्यावर तक्रारीचा मजकूर सरकत असतो. एचपीच्या पुढच्या बाजूला प्रकृती दाखवणारा दिवा असतो: हिरवा म्हणजे ठीक, नारिंगी म्हणजे कुठेतरी उणीव, लाल म्हणजे गंभीर. शिवाय डेलमध्ये आयड्रॅक आणि एचपीमध्ये आयएलओ नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणकच आत बसवलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी केबल लावलेली असेपर्यंत तो जागा असतो आणि प्रत्येक घटनेची नोंद तारीखवार ठेवतो. ती नोंद वाचता आली तर निम्मे काम तिथेच संपते. एचपीच्या आयएलओचा मूळ पासवर्ड पुढच्या बाजूने ओढून काढता येणाऱ्या चिठ्ठीवर छापलेला असतो. सेकंडहँड यंत्रात ती चिठ्ठी आहे की नाही, हे विकत घेतानाच पाहून घ्यावे.

वीज, केबल आणि यूपीएस

मागच्या दोन पॉवर सप्लायपैकी एकालाच केबल लावलेली असेल, तर बहुतेक यंत्रे ‘जोड तुटली’, म्हणजे एक गेला तर सांभाळणारा दुसरा पॉवर सप्लाय उरला नाही, अशी सूचना देतात. ती खरी असते, पण तो बिघाड नव्हे. आर 710 साठी 570 वॅट आणि 870 वॅट असे दोन प्रकारचे पॉवर सप्लाय येत असत. जुन्या मालाच्या ढिगातून जोडी जुळवताना एक या प्रकारचा आणि एक त्या प्रकारचा बसवला गेला, तर यंत्र जोडी विजोड असल्याची तक्रार करते. अशा वेळी एक काढून दुसऱ्या एकट्यावर यंत्र सुरू करून पाहावे, मग तो काढून पहिल्यावर पाहावे. पाच मिनिटांत दोषी कोण ते कळते.

यूपीएसची गोष्ट थोडी वेगळी आहे. घरगुती 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॅट देतो. दोन प्रोसेसरचा सर्व्हर सुरू होताना सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरतात, त्याच यूपीएसवर मॉनिटर आणि राउटरही असतात, आणि तो जुना यूपीएस अर्ध्या वाटेत शिट्टी वाजवून हात वर करतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सर्व्हर आपोआप बंद पडल्यासारखे दिसते. स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर शुद्ध लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात, आणि ती काही सर्व्हर पॉवर सप्लायना मानवत नाही. त्यामुळे एकदा तरी सर्व्हर थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटला लावून पाहिल्याशिवाय आतल्या भागांवर संशय घेऊ नये. पेठांमधल्या जुन्या इमारतींत अर्थिंगचा प्रश्न असतोच. यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तपासणी तिथेच थांबवून वायरमनला बोलवावे. सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या सळया घालून पाहण्याचा उद्योग आपण करू नये.

यानंतर एक साधा उपाय, जो विनोदी वाटतो पण चालतो. दोन्ही केबल काढाव्यात, पुढचे पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग केबल लावाव्यात. पॉवर सप्लायमध्ये आणि बोर्डवर साठून राहिलेला भार यामुळे उतरतो आणि आयड्रॅकसारखा आतला छोटा संगणक अडकून बसला असेल तर तो नव्याने सुरू होतो. केबल लावल्यावर त्याला उठायला मिनिटभर द्यावे आणि नंतरच बटण दाबावे.

मॉनिटरविषयी फार लिहीत नाही. या यंत्रांना व्हीजीएचे तोंड असते. मधे स्वस्त अडॅप्टर असेल तर तो काढून थेट व्हीजीए मॉनिटर लावून पाहावा.

बटणसेल

आता शुक्रवारच्या फोनांचे मूळ. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032. या आकड्यातच त्याचे माप आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. त्याचा दाब 3 व्होल्ट असतो. वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि सेटिंग्ज जपणे एवढेच त्याचे काम. सर्व्हरची केबल भिंतीला लावलेली असेपर्यंत, यंत्र बंद असले तरी, स्टँडबाय वीज हे काम करत राहते आणि सेलला काही करावे लागत नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षे जुना सेल मरून पडलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो. गुरुवारी वीज जाते, दुपारपर्यंत यूपीएस उतरतो, स्टँडबाय वीज संपते, आणि सर्व्हर आपली तारीख आणि सेटिंग्ज विसरतो. शुक्रवारी सकाळी पडद्यावर ‘टाइम-ऑफ-डे नॉट सेट’ असे काहीतरी येते.

नारायण पेठेतल्या एका कार्यालयात मी गेलो तेव्हा तिथले काका मला म्हणाले, “अहो, हे असं दर गुरुवारनंतर येतं. मी एफ-वन दाबतो आणि चालू होतो. मग बिघाड कसला?” त्यांचे म्हणणे त्या शुक्रवारपर्यंत बरोबर होते. तोवर सेलमध्ये थोडी धुगधुगी उरली होती; केवळ घड्याळ मागे पडत होते. त्या दिवशी मात्र सेटिंग्जही पुसल्या गेल्या आणि डिस्क जोडण्याची पद्धत रेडवरून मूळ पद्धतीवर परत गेली. विंडोजला ओळखीची डिस्क ओळखीच्या वाटेने सापडेना, म्हणून निळा पडदा आणि 7बी. माझ्या आधी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाने विंडोज नव्याने टाकायचा सल्ला दिला होता. मी सेल काढून मल्टिमीटर लावला तर 2.1 व्होल्ट. नवा सेल घातला, तारीख लावली, सेटअपमध्ये डिस्कची पद्धत पुन्हा रेड केली, आणि विंडोज काहीच न झाल्यासारखे सुरू झाले. काकांनी चहा मागवला, पण चेहऱ्यावर थोडा अविश्वास होता, कारण खर्च शंभर रुपयांच्याही आत आला होता.

सेल बदलताना क्रम असा ठेवावा. यंत्र सुरू होत असेल, तर आधी सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो काढावा. मग दोन्ही केबल काढाव्यात, झाकण उघडण्यापूर्वी पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर भार उतरवावा, आणि सेल प्लास्टिकच्या पट्टीने किंवा नखाने सोडवावा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर बोर्डवरची बारीक वाट खरवडली जाते आणि मग खरोखरच मदरबोर्ड जातो. काही सर्व्हरमध्ये सेल कार्डांच्या चौकटीखाली दडलेला असतो, तेव्हा ती चौकट आधी उचलावी लागते. अधिक चिन्हाची बाजू जुन्या सेलची होती तशीच ठेवावी. दाब 2.7 व्होल्टच्या खाली असेल तर विचार करत बसू नये, 2.9 दिसला तरी सेल पाच वर्षांपेक्षा जुना असेल, तर मी बदलतोच, कारण मोजताना भार नसतो आणि आकडा फसवा असू शकतो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत हा सेल कोणत्याही दुकानात मिळतो, मात्र सुटा न घेता बंद पाकिटातला घ्यावा.

घड्याळ चुकीचे राहिले तर बिघाड वेगळ्याच वेशात येतो, हेही इथेच सांगतो. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्या संगणकांचे लॉगिन एका सर्व्हरवरून चालते तिथे, घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला, की लॉगिन नाकारले जाते; वेबसाइटची प्रमाणपत्रे मुदतबाह्य दिसू लागतात; हिशेबाच्या नोंदींवर भलत्या वर्षाची तारीख पडते. सेल बदलून तारीख लावायला विसरणारे मी अनेक पाहिले, आणि एकदा त्यांत मीही होतो.

तारखेबरोबरच बूटचा क्रम (आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे) आणि लेगसी की यूईएफआय (सुरू होण्याची जुनी पद्धत की नवी) हे सेटिंग पाहावे. ज्या पद्धतीने ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती, त्याच पद्धतीवर ते असावे लागते. सेल मेल्यावर ते मूळ स्थितीवर जाते आणि ‘नो बूट डिव्हाइस’ येते.

रॅम

यंत्र टेम्पोतून आणले असेल तर रॅम आणि कार्डे हलण्याची दाट शक्यता असते. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक पाहता नवल नाही. पावसाळ्यानंतर संपर्कपट्ट्यांवर बारीक थर बसतो. दोन्हींवर उपाय एकच: रॅम काढावी, पट्ट्या स्वच्छ कोरड्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसाव्यात, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप बसेपर्यंत दाबून लावावी. खोडरबर अगदीच हाताशी दुसरे काही नसेल तर, आणि त्याचा भुगा झटकून.

संदेशात सहसा खाचेचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ ए-3. त्या खाचेतली रॅम दुसऱ्या खाचेत घालावी. तक्रार रॅमबरोबर सरकली तर रॅम खराब. तक्रार ए-3 लाच चिकटून राहिली तर खाच किंवा प्रोसेसर संशयित, कारण या यंत्रांतल्या इंटेल झिऑन प्रोसेसरमध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असतो आणि सॉकेटमधली एक वाकलेली पिनही अख्खी रांग बंद पाडू शकते.

विकत घेतलेली वाढीव रॅम चालत नसेल, तर बहुतेक वेळा ती खराब नसून चुकीच्या जातीची असते. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आणि साधी अनबफर्ड रॅम दिसायला सारख्या, खाचेत बसायलाही सारख्या. पण एकाच यंत्रात दोन्ही मिसळल्या की यंत्र पुढे जात नाही. दुसरे म्हणजे, आर 710 मध्ये अठरा खाचा असल्या तरी त्यांतल्या नऊ एका प्रोसेसरच्या आणि नऊ दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत. एकच प्रोसेसर असलेल्या यंत्रात दुसऱ्या बाजूला घातलेली रॅम दिसणारच नाही.

पंखे आणि झाकण

एचपीची यंत्रे पंख्यांच्या बाबतीत काटेकोर असतात. एक पंखा कमी असला तरी ‘फॅन सोल्यूशन नॉट सफिशिअंट’ असे सांगून पुढे जायचे नाकारतात. पंखे काढून धूळ झटकावी आणि नीट बसवावेत. झाकण अर्धवट लागले तरी काही यंत्रे तक्रार करतात.

रेड कंट्रोलर आणि डिस्क

इथे पोहोचल्यावर हात आवरता ठेवावा. पहिली गोष्ट, डिस्क बाहेर काढण्याआधी प्रत्येक कॅडीवर, म्हणजे डिस्क ज्या सरकत्या चौकटीत बसते तिच्यावर, खाचेचा क्रमांक चिकटपट्टीवर लिहून लावावा. दुसरी, माहितीचा बॅकअप नसेल तर या भागातले काहीही स्वतः करू नये.

डेलच्या पर्क नावाच्या रेड कार्डावर ‘मेमरी ऑर बॅटरी प्रॉब्लेम्स वेअर डिटेक्टेड’ असा संदेश येतो, तो बहुतेक वेळा त्या कार्डावरील बॅटरीचा असतो. डिस्कवर अजून न लिहिलेली माहिती वीज गेल्यावरही काही तास धरून ठेवणे हे या बॅटरीचे काम. ती थकली की कार्ड सावध पवित्रा घेते आणि थेट डिस्कवर लिहू लागते. यंत्र चालते, पण मंदावते. ही बॅटरी वेगळी मिळते आणि बदलायला सोपी आहे. तिच्यावर फुगवटा दिसला तर मात्र दाबू नये, टोचू नये, आणि ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ याचा अर्थ एवढाच, की डिस्कवर लिहिलेली रचना आणि कार्डाच्या आठवणीतली रचना जुळत नाहीत. कार्ड बदलले, डिस्क दुसऱ्या यंत्रातून आल्या किंवा सगळ्या डिस्क एकदम काढून घातल्या, की असे होते. अशा वेळी रचना ‘इम्पोर्ट’ करणे, म्हणजे डिस्कवरची रचना कार्डाला स्वीकारायला लावणे, हा सहसा योग्य मार्ग आहे. ‘क्लिअर’ आणि ‘इनिशिअलाइझ’ हे शब्द दिसले की हात मागे घ्यावा. इम्पोर्टही डोळे झाकून करू नये: एखादी डिस्क महिन्यापूर्वीच रचनेतून बाहेर पडलेली असेल, तर तिच्यावरची जुनी माहिती मध्येच मिसळण्याचा धोका असतो. रेड-5 ही डिस्क बांधण्याची पद्धत एका डिस्कचे जाणे सहन करते, दुसरीचे नाही. म्हणून एका डिस्कचा नारिंगी दिवा लागला असताना ‘चालतंय ना’ म्हणून महिनोन्महिने चालवणे ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी सवय आहे.

किमान जुळणी

इथपर्यंत काही सापडले नाही, तर यंत्र शक्य तितके सोलून काढावे: एक प्रोसेसर, पहिल्या खाचेत एकच रॅम, एकच पॉवर सप्लाय, जास्तीची कार्डे आणि डिस्क बाहेर. एवढ्यावर ते सुरू झाले, तर एकेक वस्तू परत घालत जावे आणि प्रत्येक वेळी सुरू करून पाहावे. यात अख्खा रविवार जातो. दोन वस्तू एकदम घालण्याचा मोह मात्र आवरावा, नाहीतर तोच रविवार पुढच्या आठवड्यात पुन्हा घालवावा लागतो.

कुठे थांबावे

जळका वास आला, केबल लावताच एमसीबी पडला किंवा पॉवर सप्लायमधून चटचट आवाज आला, तर केबल काढून तिथेच थांबावे. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकतो. तो डबा अख्खा बदलायचा असतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नये. भिंग आणि सवय असलेल्या कारागिराकडे द्यावे. रेडमधल्या दोन डिस्क गेलेल्या दिसत असतील, किंवा एखादी डिस्क ठरावीक अंतराने टक-टक वाजत असेल आणि माहिती महत्त्वाची असेल, तर यंत्र पुन्हा एकदाही सुरू न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे जावे, कारण प्रत्येक सुरुवातीबरोबर वाचण्याची शक्यता घटते. किमान जुळणीवरही पडदा काळा राहिला, तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर यांचा निकाल सुट्या भागांचा साठा असलेला तंत्रज्ञच लावू शकतो.

त्याच्याकडे जाताना पडद्याचे फोटो, सेटअपच्या पानांचे फोटो, क्रमांक लावलेल्या कॅड्या आणि डेलचे यंत्र असल्यास त्याच्या पुढच्या बाजूचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग सोबत न्यावा. त्या टॅगवरून यंत्र कारखान्यातून निघताना त्यात काय काय होते ते कळते, आणि मधल्या हातांत काय बदलले गेले तेही.